बेकर्सफिल्डचा सूर: जुना आणि नव्याने मुद्रित

जुन्या गाण्याचा मान राखणे म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणे का? अमेरिकन कंट्री संगीत ऐकताना हा प्रश्न मला बराच काळ छळत होता.

1930च्या दशकातील धुळीची वादळे आणि मंदी यांमुळे ओक्लाहोमातून उठलेली कुटुंबे कॅलिफोर्नियातल्या मळ्यांवर मजुरीला आली. पुढे बेकर्सफिल्डच्या दारूच्या गुत्त्यांत त्यांच्या नाचासाठी वाजू लागली ती टेलिकास्टर गिटार: टोकदार, खणखणीत. नॅशव्हिल तेव्हा व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस लावून गाणे गुळगुळीत करत होते. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड त्या वाटेने गेले नाहीत.

2013मध्ये व्हिन्स गिल आणि पेडल स्टीलवादक पॉल फ्रँकलिन यांनी ‘बेकर्सफिल्ड’ हा अल्बम काढला. पाच गाणी ओवेन्सची, पाच हॅगार्डची. गिलचा गळा मऊ. हॅगार्डचा, सॅन क्वेंटिनचा तुरुंग भोगून आलेला आवाज त्याच्याकडे नाही, आणि तसा आव तो आणतही नाही. मला तिथे खरा मान दिसतो तो साथीदारांना: डॉन रिच आणि रॉय निकल्स यांच्या गिटारला, राल्फ मूनीच्या स्टीलला. (साथीदारांना आपण श्रोते नेहमीच विसरतो.)

तरीही माझे मन ओढ घेते ते 1988च्या मुद्रणाकडे. ड्वाइट योकमने, जवळपास निवृत्त झालेल्या ओवेन्सना सोबत घेऊन ‘स्ट्रीट्स ऑफ बेकर्सफिल्ड’ हे त्यांचेच जुने गाणे पुन्हा गायले आणि त्यात फ्लाको हिमेनेसचा ॲकॉर्डियन आणला. बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते पहिले आले. हे वाद्य टेक्सास-मेक्सिको सीमेवरचे, म्हणून कुणी भेसळ म्हणेल. पण त्या मळ्यांत मेक्सिकन मजूरही राबत होतेच की!