लस आली, पण दारापर्यंत आणली कुणी?

करोनाची लस म्हटली की आपल्याला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आठवते, आणि मोबाइलवर स्लॉट मिळवण्यासाठी मुलांनी केलेली धडपड आठवते. पण मैत्रिणींनो, ती बाटली उल्हासनगरच्या कॅम्पातल्या चाळीत, अंबरनाथच्या वस्तीत आणि बदलापूरच्या पलीकडच्या आदिवासी पाड्यांवर ज्यांनी नेली, त्या बायका किती जणींना आठवतात? महिला मंडळाच्या कामामुळे त्या दिवसांत या तिन्ही गावांत माझं जाणं-येणं होतं, म्हणून हे जवळून पाहता आलं.

16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, 1 मार्चपासून साठीच्या पुढचे, 1 मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे. कागदावर किती सोपं! पण तरुणांना सुरुवातीला ऑनलाइन नोंदणीची सक्ती होती आणि कोविनवर मराठी आली ती जूनमध्ये. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं ओटीपी कुठून आणायचा? घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कामावर. अशा वेळी आशाताई स्वतःच्या मोबाइलवरून नावं भरून द्यायच्या. तेव्हा एका नंबरावर चारच नावं बसत, म्हणून मग शेजारणीचा फोन मागायचा!

या कामातली खरी गंमत आणि खरी कसरत सांगते. कोविशिल्डची एक बाटली म्हणजे दहा जणांची लस. ती 2 ते 8 अंशांत ठेवायची, म्हणजे बर्फाच्या पेटीतून न्यायची. आणि एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर फुकट. त्यामुळे आठच माणसं जमली की सिस्टर हात आखडून बसायच्या आणि आशाताई उरलेली दोन माणसं शोधायला उन्हात निघायच्या. कुणी शेतावर, कुणी वीटभट्टीवर, कुणी तर पेटी पाहूनच मागच्या दारानं पसार. आपण स्वयंपाकाला बसणारी ताटं मोजतो ना, तसं या बाया माणसं मोजत होत्या.

बरं, नुसतं शोधून भागत नव्हतं, समजूतही घालावी लागे. उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारागीर म्हणायचे, ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल, ती कोण देणार? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. मग 'सुट्टीच्या आदल्या दिवशी या' असं सांगून आशाताई मार्ग काढायच्या. बायकांचं दुखणं वेगळंच. पाळीच्या मागेपुढे लस घेऊ नये, अशी अफवा एप्रिल 2021 मध्ये मोबाइलवर फिरली. सरकारनं ती खोटी असल्याचं जाहीर केलं, पण तो खुलासा आमच्या नळावर पोचला तो आशाताईंच्या तोंडूनच. असल्या गोष्टी बाई बाईलाच विचारते.

सगळ्यात अवघड काम गरोदर बायकांचं. सुरुवातीला त्यांना लस द्यायची नव्हती. 2 जुलै 2021 ला ती द्यायला मंजुरी मिळाली. म्हणजे आजवर 'तू नको घेऊस' असं जिनं सांगितलं, तिनंच आता त्याच दारात जाऊन 'तू घे' म्हणायचं! सासवा काय काय बोलल्या असतील, कल्पना करा. तरीही पुष्कळ जणी तयार झाल्या. का? तर मोठ्या जावेच्या बाळंतपणाला रात्री रिक्षा करून हीच आशाताई बरोबर गेली होती, बाळाच्या डोसाची तारीखही हीच लक्षात ठेवत होती. 1995 पासून पल्स पोलिओच्या मोहिमांतून आरोग्यसेविका आणि अंगणवाडीताईंनी जी ओळख जोडली, ती इथं कामाला आली. पुढे ऑक्टोबर 2021 मध्ये राज्यात 'मिशन कवच कुंडल' झालं, नोव्हेंबरात देशभर 'हर घर दस्तक'. नावं छान होती, पण दस्तक देणारे हात तेच.

आणि या हातांना मिळत काय होतं? आशा 2005 पासून आहेत, पण सरकारदरबारी त्या 'स्वयंसेविका'. पगार नाही, मोबदला. तोही बराचसा कामागणिक. 15 जून 2021 ला, ऐन लसीकरणात, राज्यातल्या आशांना संप करावा लागला तेव्हा कुठे जुलैपासून महिना दीड हजाराची वाढ मिळाली. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला, आपणही टाळ्या वाजवल्या. पाच हजारांच्या वाढीचा निर्णय निघायला मात्र मार्च 2024 उजाडला, त्याच्याही आधी आझाद मैदानात बसावं लागलंच. टाळ्यांनी गॅसचा सिलेंडर येत नाही, हे आपण गृहिणींनी तरी ओळखायला हवं होतं.

2022 च्या अखेरीस मुंबई-भिवंडीत गोवराची साथ आली. तेव्हा आमच्या भागातली एक आशाताई रस्त्यात भेटली. हातात तीच करोनाची वही. मागची पानं कोरी होती, त्यावर तिनं डोस राहिलेल्या मुलांची नावं लिहायला घेतली होती.