घोडा आणि स्वार (लेखांक ९) : ओढणाऱ्या घोड्याचे बिट

लगाम न जुमानता पुढे ओढणारा घोडा बहुतेक वेळा तोंडातल्या बिटापासूनच, म्हणजे लगामाच्या सळईपासूनच, पळत असतो. जिभेवर किंवा जबड्याच्या हाडावर कळ उठली की तो मान ताणतो आणि वेग वाढवतो. स्वार आणखी ओढतो, कळ आणखी वाढते. साडेचारशे किलोचे जनावर मनगटाच्या जोरावर थांबत नाही. या ओढाताणीत स्वारच हरतो. ड्रेसाज, म्हणजे घोड्याला स्वाराच्या इशाऱ्यांवर ठरावीक चाली शिकवण्याचा प्रकार, सुरू करताना अंगाने जोरकस घोड्याला सौम्य बिट द्यायचे ते यासाठी.

गेल्या आठवड्यात कबूल केलेला दुहेरी लगामाचा विषय आर्वीहून आलेल्या एका पत्रामुळे पुढे ढकलावा लागत आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा काटेरी लगामाशिवाय आवरत नाही, त्याला ड्रेसाज शिकवता येईल का, असा प्रश्न त्यात आहे. शिकवता येईल, पण त्या लगामाने नाही. वरातीत नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांच्या तोंडात असा लगाम सर्रास दिसत असला, तरी ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी काटे किंवा टोके असलेले बिट वापरायला बंदी घातली आहे. स्वारीसाठीही ती लागू आहे.

बिट बसते ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. तिथे हिरडीचा पातळ थर आणि लगेच खाली जबड्याच्या हाडाची धार असते. जीभ ही जवळजवळ सगळी पोकळी भरून टाकते, म्हणून दाब आधी जिभेवर येतो. याच कारणाने ‘जितके जाड तितके सौम्य’ हा समज अर्धाच खरा आहे. जाड सळई दाब पसरवते हे खरे, पण लहान तोंडाच्या घोड्याला ती मावतच नाही. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजच्या नियमांत घोड्याच्या साध्या स्नॅफलची, म्हणजे लांब दांड्या नसलेल्या बिटाची, जाडी किमान 14 मिलिमीटर ठरवलेली आहे. देशी घोड्याला तेवढीच बहुधा पुरते.

कडक आणि सौम्य यांतला खरा फरक तरफेचा आहे. लांब दांड्यांच्या बिटाला हनुवटीखाली साखळी असते. दांडीचा वरचा भाग 5 सेंटिमीटर आणि खालचा 10 असेल, तर वादीवरच्या एक किलो ओढीचा साखळीवर दोन किलो आणि जिभेवर तीन किलो भार होतो. स्नॅफलमध्ये वादी थेट कडीला जोडलेली असते. हाताने जेवढे ओढले तेवढेच तोंडात पोचते. हात अजून स्थिर नसलेल्या स्वाराने तरफेच्या वाटेला जाऊच नये.

स्नॅफलमध्येही निवड आहे. एका सांध्याची सळई ओढल्यावर मधोमध दुमडते आणि दोन्ही बाजूंनी जबड्याला चिमटते. दोन सांध्यांची, मध्ये गुळगुळीत गोल मणी असलेली सळई जिभेवर सपाट राहते. सुरुवातीला हीच घ्यावी. मधला तुकडा चपटा, धारेचा असेल तर मात्र ती सौम्य राहत नाही. फिरत्या कडीचे बिट तोंडात जिवंत राहते, पण ओठाची कातडी कडीच्या भोकात सापडते का हे पाहावे लागते. सापडत असेल तर घट्ट, अंडाकृती कडीचे बिट बरे.

माप दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. तोंडातून आडवी काठी धरून ओठांच्या दोन्ही कडांशी खुणा कराव्यात आणि त्याहून अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद बिट घ्यावे. ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडतील इतक्या उंचीवर ते बसवावे. नाकपट्टीखाली दोन बोटे गेलीच पाहिजेत. उघडे तोंड नाकपट्टीने आवळून बंद केले तर दुखणे झाकले जाते, जात नाही.

त्याआधी दात तपासून घेणे आवश्यक आहे. दाढांच्या तीक्ष्ण कडा किंवा पहिल्या दाढेपुढे उगवलेला छोटा दात बिटाला लागत असेल, तर कोणतेही बिट सौम्य ठरणार नाही. वर्ध्याच्या वाचकांना त्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आहारही पाहावा. भरपूर हरभरा खाऊन दिवसभर दावणीला उभा असलेला घोडा बाहेर पडताच ओढणारच.

नवे बिट पहिल्यांदा तबेल्यात, मग कुंपण घातलेल्या जागेत, आणि नुसत्या चालीत. मोकळ्या शिवारात नेण्याची घाई नको. थांबण्याचा इशारा आधी बैठकीने आणि आवाजाने, वादी शेवटी. घोडा ऐकताच हात सैल. आर्वी, आष्टी, कारंजा भागात गवळाऊ बैलांची जोडी हाकणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. बैल चांगला वळलेला असला की आवाजावर थांबतो, वेसणीला हिसका द्यावा लागत नाही. ड्रेसाजमध्ये हेच 20 मीटरच्या वर्तुळावर, चाल आणि दुडकी यांच्या आलटूनपालटून बदलांनी शिकवले जाते. घोड्याने वजन मागच्या पायांवर घेतले की ओढ आपोआप कमी होते. याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

2023 च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले 1982 नंतरचे ते पहिले सुवर्ण, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून आपल्याकडे ड्रेसाजची विचारणा वाढली असेल तर चांगलेच आहे. दुहेरी लगामाचा विषय आता पुढच्या आठवड्यात. ज्यांच्या तबेल्यात काटेरी लगाम टांगलेला आहे त्यांनी तो तोवर खुंटीवरून काढून टाकावा.