सुडो 'नाही' म्हणतो तेव्हा: लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण गोष्ट घरचीच.

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला अकोल्याहून आत्येभावाचा फोन. "दादा, लॅपटॉपमधी एनव्हिडियाचं कार्ड हाय, पण ते चालूनच नाही रायलं ना बाप्पा! परवा प्रोजेक्ट दाखवाचा हाय." प्रोजेक्ट काय, तर कपाशीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारं मॉडेल. कार्डाशिवाय ट्रेनिंग सीपीयूवर चाललेलं, म्हणजे बैलगाडी. मी अमरावतीत, तो अकोल्यात, तेव्हा सगळं फोनवरच करायचं होतं.

म्हटलं, टर्मिनल उघड आणि टाईप कर, सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. पासवर्ड टाकला आणि उत्तर आलं की हा युझर सुडोअर्सच्या फाईलमध्ये नाही. म्हणजे ड्रायव्हरचं काम नंतर. आधी हे पाहायचं की लॅपटॉप कोणाचा?

लॅपटॉप सेकंडहँड. दुकानदाराने उबंटू टाकताना पहिलं खातं स्वतःच्या नावाने केलं आणि पोराला साधं खातं बनवून दिलं. उबंटूमध्ये इन्स्टॉल करताना बनलेल्या पहिल्या खात्याला अ‍ॅडमिनचे हक्क मिळतात, नंतरच्यांना आपोआप मिळत नाहीत. डेबियनची तऱ्हा अजून वेगळी. तिथे इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड ठेवला, तर पहिल्या खात्यालाही सुडो मिळत नाही. भले भले तिथे अडकतात.

सुडो ही 1980 सालची युक्ती, अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात जन्मली. कल्पना साधी आहे. रोजचं काम साध्या खात्यातून करा आणि मालकाचे हक्क तेवढ्या एका कमांडपुरते घ्या. ड्रायव्हर कर्नलच्या आत शिरतो, म्हणून तिथे मालकच लागतो.

आता उपाय. लॅपटॉप सुरू होताना एस्केप एकदाच दाबा (जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा). ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असेल, तर माउंट कमांडने ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडा: माउंट, डॅश ओ, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, स्लॅश. मग युझरमॉड, डॅश, लहान ए, कॅपिटल जी, सुडो आणि शेवटी आपल्या खात्याचं नाव. तो लहान ए विसरू नका बरं! तो राहिला तर सुडो मिळेल, पण बाकीच्या जोडलेल्या ग्रुपांमधून तुमचं नाव उडेल.

भाऊ म्हणाला, "अबे दादा, हे तर कोनीबी करू शकते!" हो, करू शकते. लॅपटॉप हातात असला की कोणीही मालक होतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर. म्हणून नव्याने इन्स्टॉल करताना तो पर्याय निवडाच.

रीबूट केलं, सुडो चाललं. उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस ही कमांड कार्ड ओळखून कोणता ड्रायव्हर 'रेकमेंडेड' ते दाखवते, तोच घ्या. एनव्हिडियाच्या साइटवरून 'रन' फाईल उतरवून टाकायच्या भानगडीत पडू नका, पुढच्या कर्नल अपडेटला ती बहुतेक वेळा रुसते. इंटेल किंवा एएमडीवाल्यांना हा त्रास सहसा नाही, त्यांचे ओपन ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. 2012 साली फिनलंडमध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, ते उगाच नाही. कंपनीने कर्नल मॉड्यूलचा सोर्स उघडला तो 2022 च्या मे महिन्यात.

इन्स्टॉल झालं. एनव्हिडिया-एसएमआय टाकलं, तर म्हणे ड्रायव्हरशी बोलता येत नाही. मी विचारलं, "रीबूट करताना निळी स्क्रीन आली होती काय?"

"आली होती, पन मी चहा आनाले गेल्तो."

तिथेच गाडी अडली! सिक्युअर बूट चालू असलं की सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर बनला असेल तर त्यावर सही तुमच्या मशीनची. ती किल्ली खरी आहे हे तुम्ही समोर बसून सांगायचं असतं. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड मागतात तो यासाठीच. निळी स्क्रीन दहाएक सेकंद थांबते. तेवढ्यात कोणतंही बटण दाबायचं, एनरोल मॉक निवडायचं, कंटिन्यू, येस, आणि तोच पासवर्ड. चुकलं तर लॅपटॉप गुपचूप पुढे जातो, ना एरर ना काही. मग मॉकयुटिलने किल्ली पुन्हा इम्पोर्ट करायची आणि या वेळी चहा आधीच पिऊन घ्यायचा.

पावणेबाराला एनव्हिडिया-एसएमआयचा तक्ता दिसला. दुकानदाराचं खातं त्याने दुसऱ्या दिवशी उडवलं. त्याआधी आपलं सुडो चालतं ना हे दोनदा तपासायला लावलं मी. ट्रेनिंग रात्रभर चालू होतं, आणि पहाटे आत्याचा फोन आला की हा पंखा एवढा काऊन आवाज करून रायला?