यकृतातून बलकाकडे: सहा दशकांचा शोध

कोंबडीच्या अंड्यातल्या बलकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा चरबीचा असतो. ही चरबी बीजांडकोशात बनत नाही, यकृतात बनते आणि रक्तातून तिथे पोहोचते. हा प्रवास उलगडायला मात्र सुमारे सहा दशकं लागली.

१९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्झ, एन्टेनमन आणि चायकॉफ यांनी कोंबड्यांचं रक्त तपासलं. अंड्यावरच्या कोंबडीच्या रक्तात चरबी कितीतरी जास्त होती. वयात न आलेल्या पिल्लांना स्त्री-संप्रेरक दिलं, तर त्यांच्याही रक्तात ती चढली. यकृताला कामाला लावणारं ईस्ट्रोजेनच होतं. पुढे बाजाराने ही गोष्ट हेरली. अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत कृत्रिम ईस्ट्रोजेनची गोळी बसवून नर लठ्ठ केले जाऊ लागले. १९५९ मध्ये ते थांबवावं लागलं.

दरम्यान पिंजऱ्यातल्या कोंबड्या अचानक मरू लागल्या होत्या. पोटात रक्ताची गुठळी, यकृत पिवळं आणि हाताने कुस्करेल इतकं ठिसूळ. १९७२ पर्यंत या विकाराला नावही मिळालं. यकृतात चरबी साठत होती, कारण ती जितकी तयार होत होती तितकी बाहेर पडत नव्हती. आजही लेअर शेडमध्ये दिल्या जाणाऱ्या लिव्हर टॉनिकमध्ये कोलीन असतं ते याच कोंडीसाठी. पण जादा ऊर्जेचं खाद्य आणि हालचालीचा अभाव तसाच राहिला, तर नुसत्या टॉनिकवर भिस्त ठेवणं चुकीचंच.

चरबी बाहेर पडते तरी कशी? यकृतपेशी ती 'अपो-बी' या प्रथिनासोबत बांधून कणांच्या रूपात रक्तात सोडते. अंड्यावर नसलेल्या कोंबडीत हे कण साधारण ७० नॅनोमीटरचे, अंड्यावर आली की जेमतेम ३०. एवढे बारीक कणच बलकाभोवतालच्या चाळणीसारख्या थरातून आत शिरतात. शिवाय त्यांच्यावर एक छोटं प्रथिन असतं. वाटेतल्या ऊतींनी चरबी फोडून घेऊ नये म्हणून ते तिथलं विकर रोखून धरतं, हे १९९० मध्ये दिसून आलं. मला या साऱ्या कहाणीतला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो.

शेवटचा दुवा एका वांझ वाणाने दिला. 'रिस्ट्रिक्टेड ओव्ह्युलेटर' या लेगहॉर्न कोंबड्या क्वचितच अंडी देत, पण त्यांच्या रक्तात चरबीचा पूर आणि धमन्यांत थर असत. व्हिएन्नातल्या वोल्फगांग श्नायडर यांच्या गटाने १९९५ मध्ये कारण शोधलं: बीजांडावर चरबीचे कण पकडणाऱ्या ग्राहीत एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. यकृत कण पाठवत राहायचं, पण अंड्याला ते आत घेताच येत नव्हते.