यंदा होडी किती वर बांधायची? उकाईच्या पाण्याचा हिशेब



पावसाळा तोंडावर आला की संस्थेत हाच प्रश्न येतो. होडी वर ओढायची तर माणसं लागतात, मजुरी लागते. खाली ठेवली आणि उकाईतून पाणी सुटलं तर होडी जायची भीती. 2006 चा ऑगस्ट आपण विसरलेलो नाही. तेव्हा सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा मोठा भाग बुडाला.

धरणवाल्यांपुढेही असाच पेच असतो. उकाईची पूर्ण पातळी 345 फूट. लवकर भरून ठेवलं आणि खानदेशातून लोंढा आला, तर पाणी साठवायला जागा नाही. रिकामं ठेवलं आणि पावसाने दडी मारली, तर शेतीचे, शहराचे हाल. म्हणून पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची ते आधीच ठरवतात. त्याला रूल लेव्हल म्हणतात.

"कितीही पाणी आलं तरी चालेल" अशी अट घातली, तर उत्तर एकच येतं: धरण रिकामं ठेवा. यावर अमेरिकेतल्या चार्न्स आणि कूपर यांनी 1959 साली वाट दाखवली. अट शंभर टक्के घालू नका. शंभरातल्या 95 वेळा पाळली जाईल अशी घाला, आणि त्यात बसणारा सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग शोधा. 1969 पासून धरणांच्या अभ्यासातही ही रीत आली.

आपल्या काठावर हे असं करता येईल. मागच्या 20 पावसाळ्यांत पाणी जास्तीत जास्त किती पायऱ्या चढलं ते लिहा. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा. 19 व्या आकड्याच्या वर होडी बांधली, तर त्या 20 पैकी 19 पावसाळ्यांत ती वाचली असती. हेच 95 टक्के. 18 वा आकडा धरला तर मजुरी वाचते, पण धोका दुप्पट होतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" म्हणजे दर वर्षी 1 टक्का धोका. होडी 25 वर्षं चालली, तर तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता 22 टक्के होते, म्हणजे जवळजवळ पाचात एक. आणि 20 वर्षांच्या यादीत मोठा पूर नसेलही, म्हणून जाणत्यांना विचारून 2006 ची खूण वेगळी लिहा. उरलेल्या धोक्यासाठी होडीचा विमा काढा.

टक्क्यांचा हिशेब होडीचा आणि जाळ्याचा. माणसाच्या जिवाला टक्के लावायचे नाहीत. पाणी सोडण्याचा इशारा आला की जाळं तिथंच सोडा आणि वर या.

आपापल्या काठाच्या खुणा संस्थेच्या वहीत लिहून द्याव्यात, ही विनंती.