संकल्प ‘सोडण्या’चा अर्थ : इंग्रजी शब्दसंपदेविषयी काही गैरसमज

इंग्रजीचे प्रगत शब्दज्ञान म्हणजे लांबलचक आणि कानाला भारदस्त वाटणाऱ्या शब्दांचा साठा, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की, ‘डिसाइड’ हा सुटसुटीत शब्द लिहिण्याची लाज वाटून पुष्कळ विद्यार्थी त्या जागी एखादे लॅटिन अवडंबर बिनदिक्कत आणून बसवितात. वस्तुस्थिती अशी की, निर्णय, भावना आणि आयुष्यातील स्थित्यंतरे यांविषयीचे अत्यंत नेमके इंग्रजी शब्द पुष्कळदा अगदी तोकडे असतात : आपले कृत्य योग्य की अयोग्य या शंकेने मनाला लागणारी टोचणी म्हणजे ‘क्वाम’, केल्या कर्माबद्दल हळहळणे म्हणजे ‘रू’, आदर आणि भय यांचे मिश्रण म्हणजे ‘ऑ’. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’ या ग्रंथात लॅटिनकुळीच्या शब्दापेक्षा सॅक्सन शब्द पत्करावा, असे फर्मानच काढले होते. त्यांच्या त्या नियमाचा पहिलाच शब्द, ‘प्रिफर’, लॅटिनकुळीचा निघावा ही गंमत सोडली, तर त्यांचा रोख खराच होता.

व्युत्पत्ती कळली की अर्थ कळला, हाही असाच एक भ्रम. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना घरच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीसाठी, ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून घडविला; आज त्याच शब्दाने गतकाळाची गोड हुरहुर व्यक्त होते आणि तिच्यासाठी कोणी वैद्य बोलावीत नाही. ‘क्रायसिस’चा मूळ ग्रीक अर्थ ‘निर्णय’ असा असून, रोगी वाचणार की दगावणार हे ठरविणाऱ्या घटकेला वैद्य तो शब्द लावीत; तेथून तो राज्यकारभारापासून घरगुती अडचणींपर्यंत सर्वत्र पसरला.

‘ॲम्बिव्हॅलंट’ म्हणजे उदासीन, असे मानणारे तर सुशिक्षितांतही आढळतात. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोरोगतज्ज्ञाने १९१० च्या सुमारास रूढ केलेली ही संज्ञा नेमकी उलट अवस्था सांगते : एकाच वस्तूविषयी दोन विरुद्ध भावना एकाच वेळी, आणि दोन्ही उत्कट. नोकरीची बढती हवी आहे, पण बदलीचा गाव नको आहे, अशा माणसाला उदासीन म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

परंतु सर्वांत खोल रुजलेला गैरसमज समानार्थी शब्दांचा आहे. निकाल, निवाडा, फैसला, निर्णय, निश्चय, संकल्प हे शब्द कोशात शेजारी नांदतात. तरी घर विकण्याचा ‘निवाडा’ केला असे कोणी म्हणत नाही, आणि आपण निश्चय ‘करतो’, निर्णय ‘घेतो’, पण संकल्प ‘सोडतो’, हे क्रियापद केवळ कोशावरून शिकलेल्या परक्याला तेथे संकल्प सुरू झाला की मोडला हे कळणार नाही. इंग्रजीतही हाच प्रकार आहे. न्यायाला जुन्या इंग्रजीत ‘डूम’ म्हणत, आणि १०८६ च्या जमाबंदीच्या दफ्तराला, त्यातील नोंदीवर अपील नसल्यामुळे, ‘डूम्सडे बुक’ हे नाव पडले; पुढे फ्रेंचांकडून आलेल्या ‘जजमेंट’ने न्यायासन बळकावले, लॅटिनकुळीचे ‘डिसिजन’ व्यवहारात स्थिरावले, आणि बिचाऱ्या ‘डूम’च्या वाट्याला केवळ अटळ विनाश उरला. ‘हेझिटेट’ म्हणजे पाऊल उचलण्यापूर्वी थबकणे, ‘वेव्हर’ म्हणजे केलेला निश्चय डळमळणे, ‘व्हॅसिलेट’ म्हणजे या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावे घेत राहणे. तिन्हींपुढे ‘कचरणे’ असा एकच अर्थ लिहून ठेवणारी वही कितीही जाड झाली तरी परीक्षेपलीकडे उपयोगी पडत नाही.

या वहीला पीटर मार्क रॉजे याच्या ‘थिसॉरस’चा आधार दिला जातो, तोही चुकीनेच. रॉजेने शब्द अदलाबदलीसाठी मांडलेले नाहीत. त्याने शब्द कल्पनांनुसार लावले, एक हजार शीर्षके सहा वर्गांत वाटली, त्यांतील पाचवा वर्ग इच्छाशक्तीला व सहावा भावनांना दिला, आणि निश्चयासमोर अनिश्चय अशी विरुद्ध कल्पनांची दालने भेद दिसावा म्हणून समोरासमोर ठेवली. स्वतः वैद्य असलेल्या या गृहस्थाने ती याद १८०५ मध्ये स्वतःच्या सोयीकरिता लिहून काढली होती. १८५२ मध्ये ती छापून निघाली, तेव्हा त्याचे वय ७३ वर्षांचे होते.