गृहपाठ वाचता न येणारे आईबाप

मुलाच्या दप्तरातून वही काढावी आणि तिच्यातले एकही अक्षर आईवडिलांना वाचता येऊ नये! अमेरिकेत चिनी 'इमर्शन' शाळेत मूल घालणाऱ्या बहुतेक घरांत रोज संध्याकाळी हेच घडते. १९८१ साली अशी पहिली शाळा सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. तिथे चिनी हा नुसता विषय नसतो, गणितही चिनीतूनच शिकवतात. मूळ कल्पना कॅनडातली. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करवला. पुढे २००८ साली युटा राज्याने कायदा करून सरकारी शाळांत ही पद्धत आणली. तिथे अर्धा दिवस इंग्रजी, अर्धा दिवस दुसरी भाषा.

आता हा पर्याय कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांपुढेही असतो. पहिला प्रश्न येतो तो हाच, की आम्हाला काही येत नाही, मग मुलाला मदत कशी करायची?

चिनीला बाराखडी नाही. चीनमधल्या मुलांनाही प्राथमिक शाळा संपेपर्यंत सुमारे ३००० चिन्हे ओळखावी लागतात. तेव्हा रोजचा सराव चुकला की विसर पडलाच. पालकाचे पहिले काम म्हणजे ठरलेल्या वेळी मुलाजवळ बसणे. चिन्ह काढताना रेघा साधारणपणे वरून खाली, डावीकडून उजवीकडे काढायच्या, एवढे तर चिनी न येणाऱ्यालाही पाहता येते. धडा मोठ्याने वाचायला सांगावा, मग गोष्ट मराठीत विचारावी. अडखळले की लगेच कळते.

उच्चार शिकवायला मात्र जाऊ नये. रोमन लिपीतले 'पिनयिन' पाहून वाटते, हे तर आपल्याला येते! पण त्यातल्या 'बी'चा उच्चार आपल्या 'प'जवळचा आणि 'पी'चा 'फ'सारखा, ओठ मिटून, जोरात श्वास सोडून. हा फरक मराठी कानाला चटकन कळतो. सुरांचे तसे नाही. एकच 'मा' सूर बदलला की आई होते नाहीतर घोडा! तिथे मुलालाच गुरू करावे. आईबाबांच्या चुका सुधारताना त्याचा धडा पक्का होतो.

पाहुण्यांपुढे 'चिनी बोलून दाखव' असा हट्ट धरू नये. पहिली वर्षे मुलाला समजते पुष्कळ, बोलता येते थोडे. सेंट लॅम्बर्टची मुलेही सुरुवातीला इंग्रजी वाचनात मागे होती, पुढे बरोबरीला आली. धीर हवा. मूल रोजच रडत शाळेत जात असेल, तर मात्र शिक्षकांशी वेळीच बोलायला हवे.

खरा धोका निराळाच आहे. शाळेत चिनी, बाहेर इंग्रजी. मग 'तिसऱ्या भाषेचे ओझे नको' म्हणून घरातली मराठी सोडली जाते. वास्तविक आईबाप जी भाषा मनापासून देऊ शकतात ती हीच. जेवताना झालेल्या गप्पा, झोपताना ऐकलेली गोष्ट यांतून कार्यकारण समजते, शब्दांची गोडी लागते, आणि ही शिदोरी कुठल्याही भाषेच्या वर्गात उपयोगी पडते.

आपल्याकडेही इंग्रजी न येणाऱ्या कितीतरी आया मुलांना इंग्रजी शाळेत धाडतात आणि वही पाहून ओशाळतात. त्यांनी ओशाळू नये. वही बाजूला ठेवून 'आज काय शिकलास, सांग बरं' एवढे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.